बॉयलरला मऊ पाणी, आमच्या विहिरीला जड

प्रति,
मा. मुख्य अभियंता,
आमच्या शिवाराला लागून असलेलं औष्णिक वीज केंद्र

आणि

मा. अधिकारी,
या केंद्राला सांडपाणी सोडायची संमती देणारं कार्यालय

विषय: सांडपाण्याचा जडपणा काढणारा प्रकल्प गुंडाळल्याबाबत

महोदय,

याआधी तीन पत्रं दिली. तिन्हींवर आवक विभागाचा गोल शिक्का आहे, तारीख आहे, आणि त्यापुढे काहीच नाही. म्हणून हे चौथं चारचौघांसमोर लिहितो. केंद्राचं नाव लिहीत नाही. तुम्हाला ते कळेलच, आणि विदर्भात राखतळ्याच्या, म्हणजे केंद्राची राख साठवायच्या तळ्याच्या, काठी राहणाऱ्या बाकीच्या लोकांना हे आपल्याच गावचं वाटेल.

आज तान्हा पोळा. गल्लीत पोट्टे लाकडी नंदी ओढत बोजारा मागत फिरताहेत, त्या कलकलाटात लिहायला बसलोय. काल मोठा पोळा झाला. पोळ्याच्या सकाळी बैल नाल्यावर न्यायचे, पाण्यात उभे करून घासायचे, ही आमच्याकडे आजोबांपासूनची रीत. यंदा नेले नाहीत. चार दिवसांच्या झडीनं राखतळं सांडलं आणि नाला सिमेंट कालवल्यासारखा राखाडी वाहत होता. बैल हातपंपावर बादलीनं धुतले. ऊन पडलं, अंग सुकलं, तशी खांद्याच्या वळकटीत आणि शिंगांच्या बुडाशी पांढरी पुटं दिसायला लागली. आदल्या दिवशी खांदशेकणीला लोणी-हळद चोळलेली, तिच्यावर ही भुकटी. माझा नातू विचारतो, "आबा, याले पावडर लावली का?"

त्याला काय सांगायचं ते मला माहीत होतं, पण पाच वर्षांच्या पोराला ते कसं सांगणार? तुम्हाला सांगतो.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आमच्या ग्रामपंचायतीला तुमचं पत्र आलं. मी ते दोनदा वाचलं. त्यात चार गोष्टी आहेत. एफजीडी, म्हणजे चिमणीच्या धुरातला गंधक धुऊन काढणारी यंत्रणा, आता बसणार नाही. म्हणून तिच्यासोबत होणारा सांडपाणी मृदूकरणाचा आणि प्रक्रियेचा प्रकल्पही होणार नाही. बाधित गावांना त्याऐवजी सामाजिक दायित्व निधीतून आरओ यंत्र मिळेल. आणि विहिरींचं पाणी जड असणं हा या भागाच्या भूस्तराचा नैसर्गिक गुणधर्म आहे.

ज्यानं कोणी हा मसुदा लिहिला त्याला वाटलं असेल की गावात हे वाचून कोणाला काही उमगणार नाही. योगायोग असा की, मी तुमच्याच केंद्रात अकरा वर्षं डीएम प्लांटला, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या विभागाला, कंत्राटी ऑपरेटर होतो. कंत्राटदार चार बदलले, गेटपासचे रंग बदलले, माणूस तोच राहिला. पाण्यातला जडपणा काढणं हेच माझं काम होतं. बॉयलरसाठी.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. धरणातून केंद्रात पाणी येतं त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम (जडपणा तो यांचाच), सिलिका असं बरंच काही विरघळलेलं असतं. ते तसंच बॉयलरमध्ये गेलं तर नळ्यांच्या आत दगडासारखा थर धरेल, नळी तापून फुटेल, युनिट बंद पडेल. म्हणून ते पाणी आधी रेझिनच्या, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांच्या, टाक्यांतून काढतात. तिकडून जे पाणी निघतं त्यात जडपणा शून्य, आणि सिलिका लिटरला ०.०२ मिलीग्रॅमच्या वर गेली की आमच्या पॅनेलवर अलार्म वाजायचा. रात्री तीनला वाजला तरी शिफ्ट इंजिनिअर धावत यायचे. इतकी काळजी मी माणसांच्या पिण्याच्या पाण्याची कुठे घेतलेली पाहिली नाही, आणि ती बॉयलरची घेतात याबद्दल माझी तक्रारही नाही. घ्यायलाच पाहिजे.

पण पाण्यातून काढलेला जडपणा कुठे जातो? रेझिन भरलं की ते धुवावं लागतं, एका टाकीला हायड्रोक्लोरिक ॲसिड, दुसरीला कॉस्टिक सोडा. आठ-दहा तासांत पकडलेला सगळा चुना ते ॲसिड ओढून बाहेर काढतं. ते पाणी न्यूट्रलायझेशन पिटमध्ये जातं. तिथे आंबट आणि कॉस्टिक एकमेकांत मिसळतात, पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, सातच्या आसपास आला की व्हॉल्व उघडायचा. मी स्वतः उघडलाय, शेकडो वेळा. पीएचचा कागद हिरवा दाखवतो, रजिस्टरवर "ओके" लिहायचं. आंबटानं कॉस्टिकला मारलं खरं, पण दोघांचं मिळून झालेलं मीठ त्या पाण्यातच राहिलं, आणि कॅल्शियमही. कागदाला ते दिसत नाही.

हे सगळं लिहिताना मला माझीही लाज वाटते, तेही इथे नोंदवून ठेवतो.

कूलिंग टॉवरची, म्हणजे केंद्रातलं तापलेलं पाणी गार करणाऱ्या मनोऱ्याची, गोष्ट याहून मोठी, कारण पाणी सगळ्यात जास्त तिथेच लागतं. २०१५ च्या ७ डिसेंबरला केंद्र सरकारनं अधिसूचना काढली, तिच्यात जुन्या केंद्रांना एका मेगावॉट-तासाला ३.५ घनमीटर पाण्याची मर्यादा घातली आहे. ही मर्यादा पाळली असं धरलं तरी ५०० मेगावॉटचं एक युनिट पूर्ण भारावर तासाला साडेसतरा लाख लिटर पाणी घेतं. बारा हजार लिटरचे टँकर मोजले तर तासाला जवळपास दीडशे. त्यातलं बरंचसं टॉवरच्या तोंडून वाफ होऊन उडतं. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. कढी आटवत ठेवली की खारट होत जाते तसं टॉवरखालचं पाणी आटत जातं, आणि पाचपट आटलं की जडपणाही पाचपट. मग त्यातलं थोडं सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. सोडून दिलेलं ते पाणी म्हणजे ब्लोडाउन. ते काही राख कालवायला वापरलं जातं, काही थेट नाल्यात येतं.

आता भूस्तराचा गुणधर्म.

यातलं निम्मं मला मान्य आहे. आमच्याकडचं पाणी आधीपासूनच जरा जड. शाळेच्या पुस्तकात त्याला "दुष्फेन" म्हणतात, म्हणजे साबणाला फेस न येऊ देणारं. माझी आई तुरीचं वरण टाकायच्या आधी पाणी खळखळ उकळून घ्यायची. भगुण्याच्या बुडाशी पांढरा थर बसायचा, वरचं पाणी मऊ व्हायचं आणि डाळ त्यात लोण्यासारखी विरघळायची. हा तात्पुरता जडपणा, बायकार्बोनेटचा. जमिनीतून, दगडातून पाझरून येणाऱ्या पाण्यात तो असतो आणि उकळला की जातो.

आता माझी बायको तेच पाणी त्याच विहिरीचं उकळते, दोनदा उकळते, आणि कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या तरी दाणा दाणा वेगळा. "डाय शिजून नाही राह्यली, पाण्यालेच काही झालं," हे तिनं मला २०१८ मध्ये सांगितलं. मी डाळीचा दुकानदार बदलला. पुढे कळलं की ती बरोबर होती. उकळून जात नाही तो कायमचा जडपणा, सल्फेटचा आणि क्लोराइडचा. तो आमच्या विहिरीत कुठून आला याचं एक उत्तर तुमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये आहे. कंडेन्सरच्या (वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राच्या) नळ्यांवर पापुद्रा चढू नये म्हणून टॉवरच्या पाण्यात सल्फ्युरिक ॲसिड सोडतात. टँकर खाली करून घ्यायला मीही उभा राहिलोय, रबरी हातमोजे घालून. त्या ॲसिडचं काम काय? बायकार्बोनेटचं सल्फेट करणं. म्हणजे उकळून जाणारा जडपणा न जाणारा होतो. नळीवर तो चढत नाही म्हणून तुमच्या दृष्टीनं चांगला. आमच्या चुलीवर तो हटत नाही.

२०१९ च्या एका रात्रपाळीत मी घरून विहिरीचं पाणी बाटलीत नेलं होतं. लॅबचे केमिस्ट साहेब भला माणूस, त्यांचं नाव घेत नाही, त्यांची नोकरी आहे. म्हणाले, कर तूच. पन्नास मिली पाणी, थोडं बफर, इंडिकेटरची चिमूट; पाणी वाइनसारखं जांभळट लाल. वरून ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, ईडीटीए हे जडपणा मोजायचं रसायन थेंब थेंब सोडायचं आणि फ्लास्क हलवत राहायचं. जडपणा संपला की एका थेंबात रंग निळा होतो. डीएम पाण्यात इंडिकेटर टाकला की ते आधीपासूनच निळं, थेंबही लागत नाही. माझं पाणी दहा मिलीला लाल. वीसला लाल. साहेब काही बोलले नाहीत, खुर्ची ओढून जवळ बसले. तेहतीस मिली उतरले तेव्हा निळं झालं. गुणिले वीस म्हणजे लिटरला ६६० मिलीग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, सन २०१२) एकूण जडपणा २०० पर्यंत चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्या असं म्हटलं आहे. माझी विहीर चालवून घेण्याच्याही पुढे गेलेली.

मग आठवडाभरानं चुलतभावाच्या विहिरीचं नेलं. तुमचा सांडवा नाल्याला जिथे मिळतो त्याच्या वरच्या अंगाला ती विहीर आहे, माझ्या विहिरीपासून दीड किलोमीटरही नाही. तोच खडक, तीच काळी माती. ते चौदा मिलीला निळं झालं. दोनशे ऐंशी. भूस्तर बांधावर येऊन बदलतो असं म्हणायचं असेल तर तसं लेखी द्या.

दोन विहिरी, दोन बाटल्या. यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. तपासा, एवढंच म्हणतोय. सहा वर्षं झाली म्हणतोय.

तुमच्याकडून उत्तर येतं ते ठरलेलं: "विसर्ग मानकांच्या आत." ते खोटं नाही, हीच तर गंमत आहे. औष्णिक केंद्रांसाठीच्या केंद्रीय मानकांत राखतळ्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी तीन गोष्टी मोजतात: पीएच ६.५ ते ८.५, तरंगते कण लिटरला १०० मिलीग्रॅम, तेल आणि ग्रीस २०. जडपणा त्या यादीत नाही. सल्फेट नाही, बोरॉन नाही. म्हणजे पाणी डोळ्यांना निवळशंख दिसलं आणि आंबट नसलं की पास. पण नियमांत न लिहिलेलं पाण्यात नसतंच असं नाही, आणि संमतीपत्र देणाऱ्या कार्यालयाला केंद्रीय यादीपेक्षा कडक अटी घालता येतात. १९७४ चा जल कायदा त्यांच्याच हातात आहे. दुसरं पत्र त्यांना म्हणूनच लिहिलं होतं.

शिवाराचं थोडक्यात. चार एकर कपाशी-तूर, दीड एकर संत्रा. कपाशी सोसते, संत्रा सोसत नाही. पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग भाजल्यासारख्या तपकिरी. आंबिया बहाराची फळं गोट्यांएवढी होऊन गळतात. ठिबकच्या ड्रिपरमध्ये खडू जमतो, दर महिन्याला ॲसिड फिरवावं लागतं. ते दुकानातून आणताना मला हसू येतं, कारण आयुष्यभर तेच हाताळलं. कृषी सहायक म्हणाले, खत कमी पडतंय. बरं.

राखतळ्यावरच्या पंपांबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो, कारण ते सगळ्यात स्वस्त काम आहे आणि तेच होत नाही. राख पाण्यात कालवून पाइपानं तळ्यात नेतात, राख खाली बसते, वरचं पाणी परत केंद्रात आणून पुन्हा राख कालवायला वापरायचं, यासाठी पंपघर बांधलेलं आहे. मी नोकरी सोडली तेव्हा दोनपैकी एक मोटर रिवाइंडिंगला गेलेली होती. अजून आलेली नाही. दुसऱ्या पंपाच्या तोंडाची जाळी बेशरमच्या झुडपांनी चोंदली आहे. मी मागच्या महिन्यात गुरं शोधायला गेलो तेव्हा बघून आलो. (सिक्युरिटीनं हटकलं, हेही सांगतो, उद्या माझ्यावर दुसराच आरोप नको.) परत फिरायचं ते पाणी फिरत नाही, म्हणून पाऊस आला की सांडतं. पोळ्याच्या आदल्या दिवशीही तेच झालं. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळ्याला राखेचा बंधाराच फुटला होता, सगळ्या महाराष्ट्रानं चित्रं पाहिली. तेवढं व्हायची वाट पाहू नका.

आता तुमच्या मुख्य कारणाकडे येतो. ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेनं देशातल्या बहुतेक कोळशाच्या केंद्रांना एफजीडी बसवण्यातून सूट मिळाली. सूट असावी की नसावी, यावर माझं मत आहे, पण ते आज बाजूला ठेवतो. ती सूट चिमणीच्या गंधकाची आहे. हवेची. एफजीडी आली असती तर तिचं जिप्सम आणि क्लोराइडनं भरलेलं सांडपाणी जादा आलं असतं, ते आता येणार नाही, हे कबूल. पण टॉवरचं ब्लोडाउन थांबलं का? डीएमचं धुणं थांबलं का? राखेचं पाणी, कोळशाच्या ढिगाखालून येणारं काळं पाणी? तुमचाच प्रकल्प अहवाल सांगतो की तो मृदूकरण प्लांट या सगळ्यांसाठी होता. आम्हाला जनसुनावणीत तो नकाशासकट दाखवला होता. पाहुणा आला नाही म्हणून घरच्यांचाही स्वयंपाक रद्द केल्यासारखं झालं हे.

आणि हा प्लांट काही परदेशातून आणायची जादू नाही. चुना आणि धुण्याचा सोडा. चुना घातला की बायकार्बोनेटचा जडपणा खडू होऊन खाली बसतो. पीएच साडेदहाच्या वर नेला की मॅग्नेशियमही बसतं, आणि बसता बसता थोडी सिलिका सोबत घेऊन जातं. उरलेला सल्फेट-क्लोराइडचा जडपणा सोड्यानं जातो: १०० ग्रॅमला १०६ ग्रॅम सोडा. लिटरला ४०० मिलीग्रॅम कायमचा जडपणा असलेल्या हजार लिटर पाण्याला साधारण सव्वाचारशे ग्रॅम. जुन्या बाया कपडे धुताना बादलीत चिमूटभर सोडा टाकायच्या, तोच हिशेब मोठ्या टाकीत. मग क्लॅरिफायर (गाळ खाली बसवायची टाकी), फिल्टर, थोडं ॲसिड घालून पीएच खाली, आणि त्यापुढे आरओ. आधी चुना-सोडा केला नाही तर आरओच्या पडद्यांवर जिप्सम चढतं आणि पडदे बाद होतात, म्हणून मृदूकरण हे पहिलं पाऊल. पुढचं शुद्ध पाणी परत टॉवरला, आणि उरलेला खारट रेंदा आटवून मीठ करायचं. पैसे लागतात, वीज लागते, गाळ निघतो तो तपासून ठेवावा लागतो. हे सगळं मला कळतं. पण कोराडीच्या वीज केंद्रासाठी नागपूरच्या भांडेवाडीचं शहरी सांडपाणी दिवसाला १३ कोटी लिटर शुद्ध करायची योजना याच विदर्भात उभी आहे. लाखो लोकांचा मैला धुऊन कामाला लावता येतो, तर आपल्याच टॉवरचं पाणी धुणं अवघड का?

आरओ यंत्राबद्दल. एका गावाला एक यंत्र, वीस लिटरची कॅन पाच रुपयांत. पिण्यापुरतं होईल. बैल, शेळ्या, संत्रा, डाळ, पोरांची आंघोळ कॅनवर होत नाही. शेजारच्या गावात ते दोन वर्षांपूर्वी बसलं, आता त्याच्या खोलीत पंचायत कुटार ठेवते. चालू होतं तेव्हाही जितकं गोड पाणी द्यायचं, जवळजवळ तितकंच जास्त जड करून मागच्या नालीत सोडायचं, ती नाली विहिरीच्या काठावरून जाते. आमच्या पाण्याचा जडपणा आम्हालाच गाळायला लावता आहात, आणि गाळ आमच्याच अंगणात.

आम्ही काय मागतो ते साध्या शब्दांत.

रद्द केलेला मृदूकरण आणि प्रक्रिया प्रकल्प एफजीडीपासून वेगळा काढून मंजूर करा, आणि तो कधी चालू होणार ती तारीख लेखी द्या. १ जानेवारी २०१७ नंतरच्या केंद्रांना सांडपाण्याचा शून्य विसर्ग बंधनकारक आहे, आमचं केंद्र जुनं म्हणून ती सक्ती तुम्हाला नाही, हे मी वाचलेलं आहे. सक्ती नसताना करा, असंच म्हणतोय.

तोवर राखतळ्यावरचे दोन्ही पंप दिवाळीच्या आत चालू करा. याला मंत्रालयात जावं लागत नाही. एक मोटर आणि एक कोयता लागतो.

पाण्याची तपासणी पीएचपुरती थांबवू नका. एकूण जडपणा, त्यातला उकळून जाणारा किती आणि न जाणारा किती, सल्फेट, क्लोराइड, सोडियम, बोरॉन, एवढं तपासा. सांडव्याच्या वरच्या पाच विहिरी आणि खालच्या पाच, एकाच दिवशी, ग्रामपंचायतीच्या माणसांसमोर. नमुन्याचा एक भाग सीलबंद करून आम्हाला द्या, आम्ही आमच्या खर्चानं दुसरीकडे दाखवू. आकडे पंचायतीच्या फळ्यावर मराठीत लावा.

आणि ही मागणी कदाचित तुम्हाला उलटी वाटेल. मागच्या बैठकीत तुमचे एक अधिकारी म्हणाले होते की पुढेमागे प्लांट झालाच तर मऊ केलेलं पाणी शेतकऱ्यांना फुकट सिंचनाला देऊ. आमच्यातल्या काहींनी टाळ्या वाजवल्या. कृपा करून देऊ नका. सोड्यानं कॅल्शियम काढलं की त्याच्या जागी पाण्यात सोडियम येतं. ते पाणी बॉयलरकडे किंवा टॉवरकडे जायला ठीक, आमच्या काळ्या मातीत गेलं तर माती चोपण होईल: पाऊस पडला की चिकट लगदा, उघडीप झाली की दगड, आणि पाणी आत शिरत नाही. कशी असते ते पाहायचं असेल तर पूर्णेच्या खोऱ्यात, अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यात जा. तिथले शेतकरी पायाखाली पाणी असून ते पिकाला देत नाहीत. जड पाण्यानं माझा संत्रा जातोय, मऊ पाण्यानं जमीनच जाईल. मऊ केलेला प्रत्येक थेंब केंद्राच्या फाटकाच्या आतच फिरला पाहिजे.

आरओ यंत्र बसवायचं तर बसवा, नको म्हणत नाही. त्याचं मागचं पाणी कुठे सोडणार तेवढं आधी सांगा, आणि ते दिलं म्हणून वरचं काही फिटलं असं कागदावर लिहू नका.

संमती देणाऱ्या कार्यालयाला वेगळं एवढंच: केंद्राच्या संमतीचं पुढचं नूतनीकरण कराल तेव्हा जडपणा आणि सल्फेटची अट त्यात घाला. आमची दोन पत्रं तुमच्या फायलीत आहेत, सोबत हेही लावा.

तुमच्याशी माझं वैर नाही. माझी दोन पोरं त्या केंद्राच्या पगारावर शिकली, धाकटा आजही कोल हँडलिंगला कंत्राटावर आहे. हे पत्र छापल्यावर त्याच्या गेटपासचं काय होतं ते गाव बघणार आहे. तुमची वीज पुण्या-मुंबईला जाते, आमच्या शेतीपंपाला कधी दिवसा कधी रात्री पाळीनं मिळते, त्यावरही आज बोलत नाही.

नमुने घ्यायला कधी येता ते कळवा. सकाळी दहाच्या आत आलात तर बरं, नंतर मी वावरात असतो. बाटल्या आम्ही तयार ठेवू, फक्त त्या शेवटी एकदा धुवायला येताना पाच लिटर डीएम पाणी घेऊन या. इथल्या पाण्यानं धुतल्या तर बाटलीतच चुना राहतो.

आपला,
डीएम प्लांटचा एक माजी कंत्राटी ऑपरेटर
आणि नाल्याकाठचा शेतकरी